बोलणारं मुंडकं

ऑफिसात शुक्रवारी चार वाजता जो प्रश्न सगळीकडे विचारला जातो, तोच आमच्याकडेही आला. वीकएन्डला काय प्लॅन? एकानं लोणावळा म्हटलं, एकीनं कोलाडला राफ्टिंग. मी म्हणालो, माळेगाव.

'मालेगाव? नाशिककडचं? तिथे काय आहे?'

ते नाही. बारामतीजवळचं साखर कारखान्याचं माळेगावही नाही. हे नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं माळेगाव. खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, मौत का कुआँ आणि बोलणारं मुंडकं.

मुंडकं म्हटल्यावर दोघं जण तयार झाले. एक आमचा टीम लीड. त्याला फोटोग्राफीची नवी नवी हौस आहे आणि लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत. दुसरा जन्मापासून कोथरूडला राहणारा. त्याच्या मते चांदणी चौकानंतर महाराष्ट्र संपतो आणि थेट महाबळेश्वर लागतं. मी का जातोय हे दोघांना नीट सांगितलं नाही. 'ऑफबीट आहे, सॉलिड फोटो मिळतील,' एवढंच म्हटलं.

यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, म्हणजे आपल्या कॅलेंडरात डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला. २०२४ च्या डिसेंबरात चतुर्दशी नेमकी रविवारी आली. सोमवारची सुट्टी टाकली, शनिवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्सची बस पकडली आणि सकाळी डोळे चोळत नांदेडला उतरलो. तिथून लातूर रस्त्यानं लोहा आणि लोह्याच्या पुढे माळेगाव. जीपवाला दहा माणसं बसवतो म्हणाला आणि सोळा बसवली. कोथरूडकराच्या मांडीवर एका आजीची कोंबडी होती. नवसाची असावी, पण त्याला ते आम्ही परतताना सांगितलं.

दिवसाचं माळेगाव बघायला मजा येते. देवस्वारी निघते, पालखीवर भंडारा उधळला जातो. 'येळकोट येळकोट जय मल्हार'च्या गजरात पांढरा शर्ट घातलेला माणूस पाच मिनिटांत हळदीचा होतो. टीम लीडच्या लेन्समध्ये भंडारा गेला तेव्हा त्याचा चेहरासुद्धा तसाच पिवळा पडला. नांदेड जिल्हा परिषद इथे कृषी प्रदर्शन भरवते, कुस्त्या होतात, लावणी महोत्सव होतो. पण खरा जीव घोडेबाजारात. सौदा तोंडानं होत नाही. दोघं जण रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून किंमत ठरवतात. बघणाऱ्याला काहीही कळत नाही. घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघितले जातात. कुठला शुभ, कुठला खोड, यावर किंमत कुठच्या कुठे जाते. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला पंचकल्याणी घोडा दिसला की माणसं थांबून बघतात. एका व्यापाऱ्यानं टीम लीडला विचारलं, 'तुमच्या क्यामेऱ्याची किंमत किती?' त्यानं सांगितली. व्यापारी म्हणाला, 'दोन पाय पांढरे हायेत वाटतं त्येचे.'

मग सूर्य मावळला.

चतुर्दशीच्या रात्री चंद्र नसल्यातच जमा असतो. माळावर अंधार पडतो तो शहरातला नव्हे, खरा अंधार. आणि त्यात एकदम जनरेटर सुरू होतात. आकाशपाळण्याचे लाल-हिरवे दिवे फिरायला लागतात, प्रत्येक तंबूपुढचा भोंगा आपापली टेप लावतो आणि पाच-सहा आवाज एकमेकांवर चढून बसतात. 'आइए, आइए, देखिए' हे एकीकडून आणि 'आईचा शाप लागलेली नागकन्या' हे दुसरीकडून. जळक्या डिझेलचा, मिरची भज्यांचा आणि लिदीचा वास एकत्र. घोडे या आवाजाला बिचकतात आणि अंधारात त्यांचे फक्त डोळे चमकतात. हॉलिवूडच्या सिनेमात गावाबाहेर कार्निव्हल येतं, रंगीत दिवे लागतात आणि गावातलं एकेक माणूस गायब व्हायला लागतं. ती भीती काय असते हे मला ते सिनेमे बघायच्या खूप आधी ठाऊक होतं. आजी सांगायची, 'जत्रंत हात सोडू नको. पाळण्यावाले लेकरं नेतात.'

आधी मौत का कुआँ. लाकडी फळ्यांची उभी विहीर, वर जाळीला लागून गोल माच, त्यावर आपण उभे. खाली सायलेन्सर काढलेली यामाहा आरएक्स १००. ही गाडी कंपनीनं १९९६ मध्ये बंद केली, पण इथल्या विहिरींत ती अजून अमर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जत्रांमध्ये हा खेळ सुरू झाला आणि आपल्याकडे असा काही रुजला, की आता तो आपलाच वाटतो. इंजिनियर लोकांसाठी फंडा सांगतो. विहिरीचा अर्धव्यास पाच मीटर धरा, टायर आणि फळी यांचा घर्षणांक ०.६. ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास गाडी भिंतीला चिकटते. त्याच्या खाली वेग गेला की गाडी घसरते. ताशी ४० ला चालवणाऱ्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या अडीच पट दाब येतो. हे गणित मी फळीवर कोपर टेकून मोबाइलवर केलं आणि त्याच वेळी तो पोरगा हात सोडून, एक पाय टाकीवर ठेवून माझ्या नाकासमोरून गेला आणि कोथरूडकरानं पुढे केलेली पन्नासची नोट दातात घेऊन गेला. प्रत्येक फेरीला अख्खी विहीर हलते. फळ्या एकमेकींवर घासल्याचा कुरकुर आवाज येतो. तळहाताला ते कळतं. गणितात ते नव्हतं.

खाली उतरल्यावर त्या पोराशी बोललो. वय विचारलं तर हसला. हेल्मेट का नाही, तर म्हणाला, 'मग बघायला कोण येईल?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोट तर आम्हीच दिली होती.

पूर्वी इथे टुरिंग टॉकीजचे तंबूही असायचे. ट्रकमधून प्रोजेक्टर उतरायचा, कनातीत पडदा लागायचा. महाराष्ट्रातल्या या तंबूवाल्यांवरची 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी २०१६ मध्ये कानला गाजली, त्या वेळेपर्यंत रिळांचा धंदा जवळपास आटोपलाच होता. आता ज्याच्या त्याच्या खिशात पडदा आहे. जनावरंही गेली. वाघ, सिंह, अस्वलं, माकडं यांचे खेळ करायला केंद्र सरकारनं १९९८ मध्ये बंदी घातली, सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये ती कायम केली, आणि उत्तम झालं. उरली माणसं. माणसांचे खेळ अजून चालू आहेत.

रांगेच्या शेवटी तो तंबू होता. बाहेर कापडी बोर्डावर सापाच्या अंगाची आणि हिरॉइनच्या तोंडाची बाई रंगवलेली. तिकीट वीस रुपये. मी बोर्डासमोर इतका वेळ उभा राहिलो की टीम लीड म्हणाला, 'काय रे, घाबरलास काय?'

हो.

आता ते सांगतो. साल १९९९, मी आठ वर्षांचा. आजोळ मराठवाड्यातलंच, तालुक्याचं गाव, नाव राहू दे. तिथल्या जत्रेत मामानं मला मुंडकं दाखवलं. टेबलावर पितळी परात, परातीत बाईचं मुंडकं, टेबलाखाली काही नाही, पलीकडची कनात स्वच्छ दिसते. आणि मुंडकं डोळे उघडतं. माणूस विचारतो, 'तुझं नाव काय?' ते नाव सांगतं. 'ही दशा कशानं झाली?' 'आईला उलटून बोलले.' मी मामाचा शर्ट चावला होता असं मामा सांगतो.

नंतर पाळण्यापाशी गर्दीत माझा हात सुटला. मी रडत रडत तंबूंच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे अंधार होता, ट्रक उभे होते, स्टोव्ह चालू होता. एका ट्रकच्या सावलीतून एक बाई आली, तिनं माझा हात धरला आणि मला उजेडात, त्यांच्या चुलीपाशी आणलं. तिथे तिचा चेहरा दिसला. तेच मुंडकं. कुंकवाचा तोच मोठा टिळा, डोळ्यात तेच काजळ. मी असा काही ओरडलो की शेजारच्या तंबूतला ढोलकीवाला थांबला.

ती हसायला लागली. लुगडं घोट्यापर्यंत वर करून म्हणाली, 'हे बघ लेकरा, पाय हायेत मला. पोट बी हाय. बघ, भजी खाते.' आणि खरंच तिनं एक भजं खाल्लं आणि एक मला दिलं. मग पाय पसरून बसली आणि पोटऱ्यांना तेल चोळायला लागली. दिवसभर खाली दुमडून बसून पायांना मुंग्या येतात, म्हणाली. मुंग्या येतात म्हणजे खऱ्या मुंग्या पायावर चढतात असं मला वाटलं आणि मी तिच्या पायांवर मुंग्या शोधायला लागलो. रडं कधी थांबलं कळलंही नाही.

तासाभरानं मामा आला. एकटा नाही, पंधरा-वीस माणसं घेऊन. एकानं मला उचललं आणि विचारलं, 'हिनंच आणलं का रं तुला हितं?'

मी म्हणालो, 'हो.'

खरं होतं ते. तिनंच आणलं होतं, अंधारातून, हात धरून. पुढचं वाक्य मला विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. त्या माणसांनी तिला मारलं. तिच्या नवऱ्याला जास्त मारलं. कोणीतरी तंबूत घुसलं आणि आरसे फुटल्याचा आवाज आला. मला आठवतंय, कारण आत आरसे होते हे मला तेव्हा कळलं. मामाच्या खांद्यावरून मी मागे बघत होतो. मातीत काचेचे तुकडे पडले होते आणि प्रत्येक तुकड्यात पाळण्याचे दिवे फिरत होते. सकाळी त्या जागेवर फक्त खुंट्यांची भोकं होती. पुढच्या वर्षी तो तंबू आला नाही. गावात त्याची चर्चा व्हायची ती 'थोडक्यात वाचलं पोरगं' अशी.

ट्रिक कॉलेजात कळली. टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे कोनात बसवतात. त्यात बाजूची कनात दिसते आणि आपल्याला वाटतं आपण टेबलाखालून आरपार मागची कनात बघतोय. धड आरशांच्या मागे. कर्नल स्टोडेअर नावाच्या जादूगारानं १८६५ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये हेच दाखवून खळबळ उडवली होती. तिकडे ती बुद्धीची कमाल ठरली.

आणि इकडे अशी माणसं 'पोरं पळवणारी'. यालाही जुना इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तर त्यांना ठेवायला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. आजीच्या तोंडातलं वाक्य गेलं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं मारून टाकली. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. मी ती बातमी हिंजवडीच्या फूडकोर्टमध्ये वाचली. समोरची थाळी तशीच ठेवून उठलो आणि पार्किंगमध्ये जाऊन मामाला फोन केला. मामा म्हणाला, 'तू लहान होतास.' हे त्यानं सांत्वन म्हणून म्हटलं असेल.

तर, तंबू. आत शिरलो. टेबल, परात, कागदी झेंडूच्या माळा. पुढे दोरी बांधलेली, दोरीच्या पुढे यायचं नाही. मुंडकं एका तरुण मुलीचं होतं, विशीतली असेल. प्रश्न तेच, शाप तोच. एवढा फरक की शेवटी ती म्हणाली, 'मोबाइलमध्ये फोटो काढू नये, काढल्यास पाप लागेल.' टीम लीडनं कॅमेरा खाली घेतला. पापाला घाबरून नव्हे, लेन्समध्ये भंडारा होता म्हणून.

दोन शोच्या मध्ये मालकाशी बोललो. चहा पाजला. पन्नाशीचा माणूस, मफलर गुंडाळलेला. मी सरळ विचारलं, नव्व्याण्णव साली अमुक गावच्या जत्रेत तंबू फोडला होता, ती माणसं कोण, माहीत आहे का? त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या जॅकेटकडे बघितलं.

'पोलिसात हाय काय तुमी?'

'नाही. कंपनीत आहे.'

'लई गावात फोडत्यात, साहेब. कुटलं धरावं?' चहा संपवला आणि म्हणाला, 'आमचा बी फोडलाय. दोनदा. आता आमी नेम केलाय. हरवल्यालं पोर दिसलं तरी हात लावायचा न्हाई. आमच्या बायका तर बघत बी न्हाईत तिकडं. लांबनं भोंग्यावर सांगायचं, पोर हाय, या. बास.'

मी कोणाची माफी मागायला आलो होतो आणि ती कोणाकडे मागायची हेच कळेना. 'तो मुलगा मी होतो,' असं म्हणायचं ठरवलं होतं. ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर वाक्य घोकलं होतं. म्हणालो नाही. वीसच्या तीन तिकिटांसाठी शंभर दिले, उरलेले ठेवा म्हटलं. त्यानं चाळीस मोजून परत केले.

आम्ही फडाकडे निघालो. लांबून ढोलकी ऐकू येत होती, गण संपून गवळण सुरू झाली होती. आणि मागून भोंग्याचा आवाज बदलला. टेप बंद, माणसाचा खरा आवाज. 'पोरगं हाय. लाल सेटर. पाळण्याच्या मागं. कुणाचं असंल त्यानं या.'

मागे वळलो. तंबू आणि पाळणा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत तीनेक वर्षांचा मुलगा उभा होता. नाक वाहतंय, एका पायात चप्पल नाही. त्याच्या भोवती गोल जागा रिकामी. पाळण्यावाला एका बाजूला, भजीवाली एका बाजूला, मुंडक्याच्या तंबूतली एक म्हातारी कनातीच्या आडून बघतेय, आणि कोणीही पाऊल पुढे टाकत नाही. पोरगं कोणाकडे जावं म्हणून सगळ्यांकडे बघत होतं. मालकानं मला ओळखलं. भोंगा तोंडापासून बाजूला केला आणि हाक मारली, 'साहेब, तुमी घ्या की. तुमाला कोण काय म्हणत न्हाई.'

मी घेतलं. ते माझ्या जॅकेटला नाक पुसत रडायला लागलं. पोलिसांच्या मंडपापर्यंत दहा मिनिटांची वाट होती, गर्दीतून. एकाही माणसानं मला अडवलं नाही. मूल किंचाळत होतं, मी त्याचा कोणी नव्हतो, माझ्या बोलण्यावरूनच कळत होतं मी इथला नाही, आणि लोक बाजूला होऊन वाट देत होते. कोथरूडकर पुढे 'सरका, सरका' करत चालला होता. हवालदारानं नाव विचारलं, पोराला सांगता येईना. मग माईकवरून लाल स्वेटर, एक चप्पल, असं पुन्हा पुन्हा. टीम लीडनं रेवड्या आणल्या. अर्ध्या तासानं आई आली, पळत, पदर हातात गोळा केलेला. तिनं पोराला आधी एक फटका दिला, मग छातीशी धरलं, मग मला विचारलं, 'कुठं होतं?'

'पाळण्याच्या मागे. तंबूवाल्यांनी भोंग्यावर सांगितलं म्हणून सापडला.'

'तंबूवाल्यांनी?' ती म्हणाली आणि पोराला उलटंसुलटं करून बघायला लागली, अंगावर काही लागलंय का.

'त्यांनी हातही लावला नाही,' मी म्हणालो. पहिल्यांदा पुढचं वाक्य वेळेवर सुचलं, पण हे वाक्य म्हणावं लागतंय याचाच राग आला. तिनं मान हलवली. कनवटीचा भंडारा काढून माझ्या कपाळाला लावला आणि गर्दीत गेली.

वग अर्धा झाला होता. बाकीचे दोघं फडात घुसले. मी म्हटलं, आलोच. पुन्हा रांगेच्या शेवटी गेलो, वीस रुपये दिले. या वेळी मालकानं ते घेतले नाहीत. आत तीस-चाळीस माणसं होती, पुढे पोरंटोरं दोरीला लोंबकळत होती. मी मागे उभा राहिलो. मालक काठी घेऊन प्रश्न विचारत होता.

'तुझं नाव काय?'

परातीतल्या मुलीनं नाव सांगितलं.

'ही दशा कशानं झाली?'

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर माझ्यावर आली, कपाळावरच्या भंडाऱ्यावर. एक क्षण थांबली.

'आली का त्याची आई?'

मालक गप्प. मी म्हणालो, 'आली.'

लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग आहे. पुढच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.